नांगर हाती आला, मग भाषा आली

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत यंदा भाडेकरूंवरून बरंच तापलं. दोन्ही विंगमध्ये मिळून सात-आठ बिऱ्हाडं परप्रांतातली आहेत. त्यांची भाषा, त्यांचे सण, जिन्यात येणारा फोडणीचा वास, असा एकेक विषय निघत गेला. शेवटी एका ज्येष्ठ सभासदांनी स्टेपल केलेली पुस्तिका टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "इथे राहायचं तर इथल्यासारखं राहायचं. बायलॉज वाचून घ्या म्हणावं त्यांना." सभा उठली. मी काहीच बोलले नाही, आणि त्याची रुखरुख अजून आहे. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते इथे लिहिते आहे.

'बायलॉज'पासूनच सुरुवात करते. त्यातला 'लॉ' मुळात इंग्रजांचा नाही. डेन्मार्क-नॉर्वेकडून समुद्रावरून आलेल्या व्हायकिंगांनी तो शब्द इंग्लंडात नेला. 'बाय' हाही बहुधा त्यांच्याच भाषेतला 'बी', म्हणजे वस्ती, वाडी. परक्यांनी आपल्या वाडीपुरते ठरवलेले नियम, ते बायलॉ. त्यांचे शब्द आपल्याही तोंडी रोज असतात. बँकेचं 'लोन', दुकानातला 'सेल', वाढदिवसाचा 'केक', तो कापायची 'नाइफ' हे सगळे त्यांच्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेले. 'शर्ट' आणि 'स्कर्ट' तर एकाच मुळाचे दोन फुटवे: पहिला इंग्रजांच्या उच्चारातला, दुसरा व्हायकिंगांच्या. 'विंडो' म्हणजे त्यांचा 'विंडआउगा', वाऱ्याचा डोळा. आपल्याकडे खिडकीला 'गवाक्ष' म्हटलं, म्हणजे गाई-बैलाचा डोळा, आणि 'वातायन'ही म्हटलं, म्हणजे वाऱ्याची वाट. दोन टोकांच्या माणसांना भिंतीतल्या त्याच भोकाकडे बघून इतकं जवळचं सुचावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जो ज्या मुलखात राहायला येतो त्याने तिथली भाषा शिकावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती हुकमाने येत नाही. पायाखाली जमीन आल्यावर येते, आणि नीट रुजायला दोन-तीन पिढ्या जातात. त्या काळात यजमानांची भाषा, कायदा, कपडे, केसांची ठेवण हेही बदलत असतं. व्हायकिंगांच्या इतिहासात हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं फार थोड्या ठिकाणी दिसतं.

सुरुवात रक्ताने झाली, ती झाकायचं कारण नाही. इ.स. ७९३ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ त्यांनी लुटला, साधूंना मारलं, काहींना गुलाम म्हणून नेलं. पुढची सत्तर वर्षं अधूनमधून लूट, असा क्रम होता. ८६५ मध्ये मोठं सैन्य उतरलं आणि परत गेलंच नाही. पुढच्या वर्षी यॉर्क पडलं. ८६९ मध्ये ईस्ट अँग्लिया या पूर्वेकडच्या राज्याचा राजा एडमंड त्यांच्या हातून मारला गेला. त्यानंतर अँग्लो-सॅक्सन बखरीतली, म्हणजे जुन्या इंग्रजांच्या सालवार इतिहासातली, ८७६ सालची नोंद येते. त्या सैन्याचा एक पुढारी हाल्फडान याने नॉर्थम्ब्रियाची, म्हणजे यॉर्ककडच्या उत्तरेतल्या राज्याची, जमीन आपल्या लोकांत वाटून दिली, आणि ते नांगरू लागले, आपलं पोट भरू लागले. बखर लिहिणाऱ्याने एवढंच लिहून पुढचं साल घेतलं आहे. मला मात्र या दीड वाक्यात सगळी कथा दिसते. नांगर धरणाऱ्या माणसाला शेजाऱ्याला विचारावं लागतं: इथे पाऊस कधी, बी कुठलं, ओढ्याचं पाणी कुणाचं. बैल आजारी पडला तर पंचक्रोशीतला जाणता कोण. हे सगळं विचारायला भाषा लागते.

दोन वर्षांनी दक्षिणेकडच्या वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड याने एडिंग्टनच्या लढाईत डेनांचा, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांचा, नेता गुथ्रुम याला हरवलं. आल्फ्रेडने त्याचं मुंडकं उडवलं नाही. आपल्या तीस माणसांसह गुथ्रुमने बाप्तिस्मा घेतला, आल्फ्रेड स्वतः त्याचा धर्मपिता झाला, त्याला एथेलस्टन हे इंग्रजी नाव दिलं आणि बारा दिवस पाहुणा म्हणून ठेवून घेतलं. पुढे गुथ्रुमने ईस्ट अँग्लियात नाणी पाडली ती या नव्या नावाने. हा राजकारणाचा सौदा होता हे उघड आहे. तरी त्यात एक शहाणपण होतं: समोरच्याला नवं नाव तर दिलंच, आणि ते नाव घेऊन उभं राहायला मुलूखही दिला.

यॉर्कमध्ये १९७६ ते १९८१ या काळात कॉपरगेट नावाच्या रस्त्यावर मोठं उत्खनन झालं आणि हजारो वस्तू निघाल्या: चामड्याचे जोडे, हाडांचे कंगवे, लाकडी वाडगे, एक विणलेला लोकरी मोजा. रस्त्याचं नावच बघा. 'गेट' म्हणजे इथे दरवाजा नव्हे, नॉर्समधला 'गाटा', म्हणजे आळी. 'कॉपर'चा तांब्याशी संबंध नाही; तो लाकडाचे पेले-वाडगे कातणारा कारागीर. पुण्यात तांबट आळी, बुरूड आळी, तशी ही कातारी आळी. यॉर्क आणि लिंकनच्या मुलखात तर 'बी'ने संपणारी शेकडो गावं आहेत. त्याहून बोलकी आहेत ती ग्रिम्स्टनसारखी नावं. त्यात ग्रिम हे माणसाचं नाव नॉर्स आणि 'टन' हा गाव सांगणारा शब्द इंग्रजी. म्हणजे मालक बदलला, पण निम्मं गाव जुन्याच नावाने हाक मारत राहिलं.

त्या भागात शेतांतून बायकांच्या वस्त्रावर लावायचे ब्रोच खूप सापडले आहेत. काहींवरची नक्षी अस्सल स्कँडिनेव्हियाची, पण चपटी घडण आणि मागची पिन बसवायची रीत इंग्रज सोनाराची. त्यावरून दोन गोष्टी कळतात. व्हायकिंगांबरोबर बायकाही आल्या होत्या, आणि त्या इथल्या सोनाराकडे जात होत्या. कुणा बाईने सासरच्या गावच्या कारागिराला माहेरची नक्षी सांगून करून घेतली असेल, हे मी कल्पनेने म्हणते आहे. पण वस्तू हातात धरली की वेगळं काही सुचत नाही.

धर्माच्या बाबतीत तर थक्क व्हायला होतं. ज्या एडमंड राजाला ८६९ मध्ये मारलं, त्याच्याच नावाची नाणी ईस्ट अँग्लियातले डेन पंचवीस-तीस वर्षांत पाडू लागले. नाण्यावर मजकूर 'संत एडमंड'. १८४० मध्ये लँकशरमधल्या क्युअरडेल इथे जो मोठा खजिना सापडला, त्यात अशी सुमारे १८०० नाणी होती. मारणाऱ्यांच्या मुलांनी बळीला संत मानलं. यॉर्कमध्ये ९२०च्या दशकातली संत पीटरच्या नावाची नाणी आहेत. त्यांवर तलवार आहे, आणि काहींवर 'पेत्री' या लॅटिन अक्षरांतली शेवटची 'आय'ची काडी त्यांच्या जुन्या देवाच्या, थॉरच्या, हातोड्याच्या आकाराची केली आहे. नाणं पाडणाऱ्याला यात विसंगती वाटली नसावी. डेन्मार्कमध्ये ट्रेंडगार्डन इथे सापडलेल्या दगडी साच्यात तर क्रूस आणि हातोडा दोन्ही ओतायची सोय शेजारी-शेजारी आहे. गिऱ्हाईक येईल तसा माल. आइसलँडचा एक वसाहतकार, हेल्गी, ख्रिस्तावर श्रद्धा ठेवून होता आणि शेताचं नाव त्याने क्रिस्टनेस ठेवलं होतं. पण समुद्रावर जाताना तो थॉरचा धावा करी. ज्याच्या घरात देव्हारा आहे आणि जो मतमाउलीच्या जत्रेत मेणबत्तीही लावून येतो, त्या मुंबईकराला हेल्गी समजावून सांगावा लागणार नाही.

कंब्रियातल्या गॉसफर्थ गावात चर्चच्या आवारात साडेचार मीटरच्या आसपास उंचीचा, दहाव्या शतकातला एक सडसडीत दगडी क्रूस अजून उभा आहे. त्याच्या एका बाजूला सुळावरचा ख्रिस्त, आणि बाकी अंगावर नॉर्स देवांच्या अंतकाळाची कथा: बांधून घातलेला लोकी, त्याच्या तोंडावर ठिबकणारं सापाचं विष, आणि ते वाडग्यात झेलणारी त्याची बायको सिगिन. दगड कोरणाऱ्याला दोन्ही कथा पाठ होत्या. पाठीचा कणा वर आलेल्या घरासारखी दिसणारी 'हॉगबॅक' थडगीही याच भागात सापडतात. ती डेन्मार्कात नाहीत, नॉर्वेत नाहीत. आलेल्यांनी आणि असलेल्यांनी मिळून घडवलेली ही तिसरीच गोष्ट आहे, आणि माझ्या लेखी मिसळणं याचा खरा अर्थ तो आहे.

हे सगळं व्हायला कायद्याने जागा दिली होती. दहाव्या शतकात इंग्लंड एका राजाखाली आलं तेव्हा राजा एडगर याने डेनांना त्यांच्या मुलखात आपले व्यवहाराचे नियम आपण ठरवायची मोकळीक दिली, आणि त्यांच्या निष्ठेचा त्यात उल्लेख केला. तेव्हाही लोक चिडले होतेच. बखरीत एडगरबद्दल तक्रार आहे की, तो परक्या चालीरीतींवर फार प्रेम करतो आणि परदेशी माणसं देशात ओढून आणतो. त्याही आधी, लिंडिसफार्न लुटलं गेलं त्याच वर्षी, विद्वान अल्क्विनने नॉर्थम्ब्रियाच्या राजाला लिहून खडसावलं होतं की, तुम्ही दाढी आणि केस त्या पाखंड्यांसारखे ठेवू लागला आहात. म्हणजे वसाहत व्हायच्या आधीच इथल्या तरुणांनी फॅशन उचलली होती! पुढे तेराव्या शतकात जॉन ऑफ वॉलिंगफर्ड याने लिहिलं की, डेन लोक रोज केस विंचरत, दर शनिवारी अंघोळ करत, वरचेवर कपडे बदलत आणि त्यामुळे इंग्रज बायका त्यांच्याकडे ओढल्या जात. हा फार उशिराचा लेखक आहे, त्याची साक्ष जपूनच घ्यावी. पण परक्याबद्दल तक्रार करायचीच ठरवली तर त्याची स्वच्छतासुद्धा कशी पुरते, हे त्यातून दिसतं.

भाषेकडे येते, कारण आपल्याकडचा वाद तिथेच पेटतो. जुनी इंग्रजी आणि नॉर्स या चुलत बहिणी. शब्दांची मुळं एकसारखी, प्रत्यय वेगळे. बाजारात घोड्याचा सौदा करताना दोघांना एकमेकांचं बरंचसं कळत असणार, अडत असेल ते शेवटच्या प्रत्ययापाशी. इंग्रजीतले प्रत्यय पुढे झिजले त्यामागे हा शेजारही एक कारण असावा, असं बऱ्याच भाषाभ्यासकांना वाटतं. शब्द उसने घेणं तशी नेहमीची गोष्ट आहे. फारसीकडून आपण 'जमीन' आणि 'बाजार' घेतले, पोर्तुगीजांकडून 'चावी' आणि 'पगार'. पण 'तो', 'ती', 'ते' कुणी उसने घेतं का? इंग्रजीने घेतले. 'दे', 'देम', 'देअर' ही सर्वनामं नॉर्स आहेत. 'ते लोक' म्हणायला इंग्रज आज जो शब्द वापरतो, तोच मुळी 'त्या लोकां'कडून आलेला आहे. इतकं आत शिरायला बाजारातली ओळख पुरत नाही. एका चुलीवर स्वयंपाक व्हावा लागतो, मुलांनी आईची आणि बापाची भाषा एकाच वाक्यात कालवावी लागते. आणि एवढं देऊन नॉर्स स्वतः इंग्लंडातून नाहीशी झाली. यॉर्कशरची भाषा इंग्रजीच राहिली.

फ्रान्समध्ये हे आणखी झपाट्याने घडलं. ९११ मध्ये फ्रँकांचा राजा तिसरा चार्ल्स याने सीन नदीच्या मुखाजवळचा मुलूख रोलो नावाच्या व्हायकिंग पुढाऱ्याला दिला. तो नॉर्मंडी. जुना लेखक दुदो सांगतो की, रोलोच्या मुलाने आपल्या मुलाला, रिचर्डला, राजधानी रुआँ सोडून बायोला शिकायला पाठवलं, कारण रुआँमध्ये डेनिश बोलणारे फारसे उरले नव्हते. तिसऱ्या पिढीत आजोबांची भाषा शिकायला मुलाला परगावी ठेवावं लागलं! न्यू जर्सीत नाहीतर लंडनमध्ये रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्या आई-वडिलांना ही ओळ वाचून काय वाटेल, ते मला समजतं. पूर्वेला कीव्हमध्येही तसंच. राज्यकर्ते ओलेग, इगोर, ओल्गा ही नावं म्हणजे नॉर्स हेल्गी, इंगवार, हेल्गा. इगोरच्या मुलाचं नाव मात्र स्व्यातोस्लाव, अस्सल स्लाव्ह. डब्लिन ८४१ मध्ये व्हायकिंगांनी वसवलं, आणि आयरिश भाषेत खिडकीला 'फुन्योग' आणि बाजाराला 'मारगा' म्हणतात ते त्यांच्यामुळेच.

आइसलँडची गोष्ट मला अस्वस्थ करते. तिथे जवळजवळ रिकाम्या बेटावर वस्ती झाली, म्हणून नॉर्स भाषा टिकली. पण आजच्या आइसलँडकरांच्या जनुकांवरून दिसतं की, पहिल्या वसाहतीतल्या पुरुषांपैकी सुमारे ७५ टक्के स्कँडिनेव्हियाचे होते आणि बायकांपैकी सुमारे ६० टक्के आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या. त्यातल्या किती जणी राजीखुशीने गेल्या असतील? अनेकींना पकडून नेलं होतं. त्यांची भाषा मुलांच्या तोंडी आली नाही. न्याल, कोर्माक, क्यार्तान अशी काही नावं तेवढी उरली. संस्कृतींचा सुंदर संगम वगैरे म्हणताना या बायका आठवाव्यात. जबरदस्तीने एका घरात आणलेल्यांचाही वंश मिसळतो. त्याचं कौतुक मी करू शकत नाही.

उलट बाजूची जबरदस्ती इंग्लंडात झाली. १००२ मध्ये व्हायकिंगांच्या नव्या स्वाऱ्यांनी धास्तावलेल्या राजा एथेलरेडने १३ नोव्हेंबरला, संत ब्राइसच्या दिवशी, इंग्लंडातल्या डेन पुरुषांना मारून टाकायचा हुकूम काढला. दोन वर्षांनी त्याच राजाच्या सनदेत ऑक्सफर्डची हकीकत आली आहे. गव्हात तण माजावं तसे हे लोक माजले होते, असे शब्द त्यात आहेत. जीव वाचवायला ते संत फ्रिडेस्वाइडच्या चर्चमध्ये शिरले, दारं लावून घेतली, आणि गावकऱ्यांनी चर्चला आग लावली. ते ख्रिस्ताच्या आश्रयाला पळाले होते. अजून किती मिसळायला हवं होतं? २००८ मध्ये ऑक्सफर्डच्या एका कॉलेजच्या आवारात खोदताना एका खड्ड्यात पस्तीसच्या आसपास सांगाडे सापडले. बहुतेक सगळे तरुण पुरुष, कवट्यांवर आणि पाठीकडून वार, काहींची हाडं भाजलेली. ते याच कत्तलीतले असावेत, असं अनेक अभ्यासक मानतात.

त्या हुकमाने राज्य वाचलं नाही. डेन्मार्कचा राजा स्वेन पुढच्याच वर्षी चालून आला, आणि १०१६ मध्ये त्याचा मुलगा क्नूट इंग्लंडच्या गादीवर बसला. त्याने एथेलरेडच्या विधवेशी, एमाशी, लग्न केलं. कायदे इंग्रजीत काढले, आणि त्यांचा मसुदा यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याने केला. त्याआधी १०१२ मध्ये डेन सैनिकांनी कँटरबरीचा आर्चबिशप एल्फेह याला बैलांची हाडं फेकून मारलं होतं. त्याच्या अस्थी क्नूटने १०२३ मध्ये मानाने लंडनहून कँटरबरीला नेल्या.

कुणी म्हणेल, व्हायकिंग तर विजेते, हातात तलवार होती, त्यांची बरोबरी पोटासाठी आलेल्या गरिबाशी कशी करता? आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्याच बाजूने पडतो. ज्यांच्यावर कुणाची सक्ती नव्हती तेसुद्धा दोन-तीन पिढ्यांत इंग्रज, फ्रेंच, स्लाव्ह झाले, कारण त्यांना तिथे राहण्याची शाश्वती होती. दुसरं उदाहरण ग्रीनलंडचं दिलं जातं. तिथले नॉर्स वसाहतकार इन्यूइट लोकांकडून काही शिकले नाहीत, गाई-मेंढ्यांना चिकटून राहिले आणि पंधराव्या शतकात संपले, असं सांगतात. पण त्यांच्या हाडांच्या रासायनिक तपासणीत दिसतं की, काळाबरोबर त्यांच्या ताटातलं सील आणि समुद्रातलं अन्न वाढत गेलं होतं. हट्टाने उपाशी मेलेल्या लोकांचं हे चित्र आता टिकत नाही.

जे आज व्हायकिंगांच्या रूनलिपीतली अक्षरं आणि थॉरचा हातोडा अंगावर गोंदवून शुद्ध रक्ताची भाषा करतात, त्यांचा मला मनापासून राग येतो. २०२० मध्ये ४४२ प्राचीन अवशेषांच्या डीएनएचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑर्कनी बेटांवर तलवारीसह, पुऱ्या व्हायकिंग इतमामाने पुरलेले दोन पुरुष वंशाने स्थानिक निघाले. व्हायकिंग व्हायला व्हायकिंगाच्या पोटी जन्म घ्यावा लागत नव्हता.

आता पुन्हा आमच्या सभेकडे. ज्या बिऱ्हाडांबद्दल आम्ही बोलत होतो, त्यांचा करार अकरा महिन्यांचा असतो. दर अकरा महिन्यांनी सामान बांधायची टांगती तलवार, मुलांची शाळा बदलायची धास्ती. सभेला त्यांना बसता येत नाही, मत तर नाहीच. हाल्फडानच्या माणसांच्या हाती नांगर होता. यांच्या हाती घराची किल्लीसुद्धा मुदतीची आहे. अकरा महिन्यांसाठी माणूस 'किती झाले?' आणि 'थांबा' एवढं मराठी शिकतो, आणि माझ्या मते तेवढंच शिकेल. पुढच्या सभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. भाडेकरूंना सभेत बसू द्यावं आणि बोलू द्यावं, आणि सभा पूर्णपणे मराठीत चालावी. दोन्ही एकत्र. एकच मान्य करायची असेल तर मी विरोधात हात वर करीन.

यॉर्कशरच्या उत्तरेला कर्कडेल नावाच्या दरीत संत ग्रेगरीचं छोटं चर्च आहे. त्याच्या दक्षिण दाराच्या वर सात-आठ फूट लांबीच्या दगडावर एक सूर्यघड्याळ कोरलेलं आहे. काळ १०५५ ते १०६५ मधला, ऑक्सफर्डच्या आगीला साठेक वर्षंच झाली होती. मजकूर जुन्या इंग्रजीत आहे. घड्याळाला मात्र 'सोलमेर्का', सूर्यखूण, असा नॉर्स वळणाचा शब्द आहे. गमालचा मुलगा ओर्म याने, दोन्ही नावं नॉर्स, संत ग्रेगरीचं हे चर्च विकत घेतलं तेव्हा ते पार मोडून-कोसळून पडलेलं होतं. राजा एडवर्डच्या आणि सरदार टोस्टीच्या काळात त्याने ते पायापासून नवं बांधवून घेतलं, ख्रिस्तासाठी आणि संत ग्रेगरीसाठी. घड्याळाच्या खाली ते घडवणाऱ्यांची नावं आहेत: हावर्थ, आणि पाद्री ब्रांड. तीही दोन्ही नॉर्स.